दादाची केटीएम आरसी, माझा डावा पाय आणि कोईम्बतूरचा ट्रॅक

जानेवारीचा अख्खा महिना मी मुलुंड ते भायखळा लेडीज डब्यात उभी राहून डाव्या पायाने बुटातल्या बुटात मोटारसायकलचे गियर टाकायचा सराव करत होते. चवडा दाबला की मनात 'वरचा गियर', बोटं उचलली की 'खालचा'. शेजारच्या मावशींनी एकदा विचारलंच, "पायाला मुंग्या आल्या का गं?" हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर दादरपर्यंत व्याख्यान ऐकावं लागलं असतं.

झालं असं, की माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, त्याची ट्रॅकची केटीएम आरसी ३९० मला विकली. चार-पाच वर्षं तो तिच्यावर हौशी शर्यती करायचा. मग मुलगी झाली, कंबर बोलायला लागली आणि गाडी कव्हरखाली गेली. मी रोज चालवते ती पल्सर १५०. ट्रॅकवर याआधी तीनदा गेले होते, पण दरवेळी भाड्याच्या, कंपनीतून आली तशाच गाडीवर. त्यामुळे वाटलं, ३७३ सीसीची तयार गाडी मिळतेय, बसायचं आणि पळवायची. तो हिशेब साफ चुकला.

गाडीवर काय काय केलेलं होतं ते आधी सांगते. हँडलच्या जागी आणखी खाली बसवलेले क्लिप-ऑन (दोन सुटी आखूड हँडलं), उंच आणि मागे सरकवलेले फुटपेग (पाय ठेवायचे दांडे), स्टीलच्या जाळीच्या ब्रेकनळ्या, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) ब्रेकपॅड, फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांत, कडक स्प्रिंगा, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ४५ ऐवजी ४७ दातांचं, क्लच न दाबता गियर बदलू देणारा क्विकशिफ्टर आणि उलटा गियर. उलटा म्हणजे पहिला वर उचलून, बाकीचे पाच खाली दाबून. हे फॅशन म्हणून करत नाहीत. डाव्या वळणात गाडी झोपलेली असताना गियर वाढवायचा तर बूट लीव्हरखाली घालायला जागाच उरत नाही, डांबर लागतं. वरून दाबणं मात्र जमतं. कागदावर एकदम पटतं. पायाला पटायला वेळ लागतो.

पण पायाच्या आधी स्प्रिंगांची गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला घरीच कळायला हवी होती. दादा ८४ किलोचा, मी ५५. दुसऱ्या बाईच्या मापाचं ब्लाउज कितीही भारी कापडाचं असलं तरी आपल्याला होत नाही, तसंच हे. तुम्ही कुणाची तयार गाडी घेणार असाल तर सगळ्यात आधी सॅग मोजा. गाडी आपल्या वजनाने किती दबते, एवढंच ते माप. आम्ही इमारतीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी मोजलं. दादा आणि वॉचमन काकांनी साइड स्टँडवर गाडी कलती करून मागचं चाक अधांतरी धरलं. पॅडॉक स्टँडवर (मागचा दांडा उचलून धरणाऱ्या ट्रॅकच्या स्टँडवर) ठेवून हे माप येत नाही, कारण त्यावर सस्पेन्शनवरचा भार जातच नाही. ॲक्सलपासून शेपटीवर लावलेल्या चिकटपट्टीपर्यंत टेप धरली. मग हेल्मेट, सूट, बूट घालून मी गाडीवर बसले आणि पुन्हा टेप. दोन मापांतला फरक मागे १९ मिलिमीटर. दादा म्हणाला, "ट्रॅकला तीस-पस्तीस हवा. तुझ्याखाली ही गाडी नाही, पाट आहे." मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगेला आधीच दिलेला दाब, शेवटपर्यंत सैल केल्यावर २५ झाला. पुढे काहीच करता आलं नाही, तिथे स्प्रिंगच बदलावी लागते. वेळ नव्हता, तशीच नेली. पुढे भोवलं.

आता न्यायची कशी? असली गाडी मुंबईच्या रस्त्यावर चालवायचीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि माझ्या गाडीला तर दिवे-आरसेही नव्हते. म्हणून मुलुंडहून लोकमान्य टिळक टर्मिनसपर्यंत छोटा हत्ती आणि पुढे कोईम्बतूर एक्सप्रेस. पुणे, सोलापूर, बेंगळुरू, सेलम करत दीड दिवस लागतो. गाडी पार्सल म्हणून न टाकता तिकिटावर लगेज म्हणून बुक करा, म्हणजे आपल्याच गाडीने जाण्याची शक्यता जास्त. आरसी बुक आणि ओळखपत्राच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा, तीन-चार तास आधी पोहोचा. टाकी पूर्ण रिकामी लागते. घरूनच काढून न्या, स्टेशनवर बाटल्या शोधत फिरू नका. गोणपाट-पुठ्ठ्याचं पॅकिंग तिथेच करून मिळतं. त्याआधी ब्रेक आणि क्लचचे लीव्हर आणि पेगची टोकं काढून आपल्या सॅकमध्ये टाका. हे दादाने सांगितलं होतं म्हणून मी वाचले. नाव आणि 'कोईम्बतूर' जाड मार्करने दोन्ही बाजूंना लिहा.

कोईम्बतूर स्टेशनवर उतरल्यावर टेम्पो शोधताना हिंदीने फार साथ दिली नाही. शेवटी एका हमालाने हाताने आकार दाखवून विचारलं, "कुट्टी यानै?" कुट्टी यानै म्हणजे छोटा हत्तीच! दोन भाषांनी एकाच टेम्पोला एकच नाव ठेवलंय याचा मला उगाचच फार आनंद झाला.

कारी मोटर स्पीडवे शहराबाहेर चेट्टिपाळयमला आहे. लांबी २.१ किलोमीटर, २००३ पासून सुरू. नाव एस. करिवर्धन यांचं. फॉर्म्युला मारुतीच्या गाड्या बांधणारा हा माणूस १९९५ मध्ये विमान अपघातात गेला. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयनही याच शहराचा. आपल्या मुंबईत रेसकोर्स आहे तो घोड्यांचा, म्हणून आपली ही वारी. ट्रॅक लहान आणि वळणांचा आहे. चेन्नईजवळच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकसारखी श्वास घ्यायला जागा नाही. नवख्या गाडीची ओळख करून घ्यायला ते बरंच आहे, चूक लगेच कळते.

पहिल्या सेशनला पाच लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या पाच फेऱ्यांत, मनगटं बधिर झाली. क्लिप-ऑन खाली असले की सगळं वजन हातांवर येतं, आणि हातांवर वजन आलं की हँडल अडखळतं. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरून, पोटाच्या स्नायूंवर शरीर पेलायचं असतं. टाकीला रबरी ग्रिपपॅड चिकटवून न्या, चामडं घसरतं. दुसरा धक्का ब्रेकचा. पल्सरच्या सवयीने चार बोटांनी ओढला तर मागचं चाक हलकं झालं. दोन बोटं, आणि तीही आधी हलकेच, मग दाबत नेत.

आणि मग तिसरं सेशन. एका उजव्या वळणातून दुसऱ्या गियरमध्ये बाहेर पडत होते, इंजिनाचे फेरे मिनिटाला ९००० च्या पुढे. तिसरा हवा होता. लोकलमधला महिनाभराचा सराव कुठे गेला देव जाणे. जुन्या सवयीने क्लच दाबला, बोटं उचलली आणि क्लच सोडला. पहिला पडला. मागून 'चीं' असा आवाज, शेपटी डावीकडे, मग उजवीकडे. इंजिनाची अशी किंचाळी मी आधी ऐकली नव्हती. इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर आहे ना, असं तुम्हाला वाटेल. तो इंजिनाचं इंधन नाहीतर ठिणगी तोडतो; इथे मागचं चाकच इंजिनाला फिरवत होतं, तो काय करणार? अशा वेळी थोडा घसरू देणाऱ्या स्लिपर क्लचने धक्का खाल्ला म्हणून मी खाली आले नाही. हात वर करून थेट पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यात, गेले आणि पाच मिनिटं हेल्मेट काढलं नाही, कारण आत डोळे ओले होते.

प्रशिक्षक अण्णा शांतपणे म्हणाले, "मेदुवा, मेदुवा." हळू. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. पाय ट्रेनमध्ये शिकला, पण एकटा शिकला. घाईत मात्र हात-पाय जोडीने चालतात. क्लच दाबला की पायाला पल्सर आठवते. म्हणून वर जाताना क्लचला हातच लावायचा नाही. थ्रॉटल उघडा, फक्त दाब, बाकी क्विकशिफ्टर बघेल. खाली येताना क्लच, हलका ब्लिप (थ्रॉटलचा छोटा झटका) आणि उचल. म्हणजे डावा हात हलला तर खाली, नाही हलला तर वर. दोन वेगळ्या हालचाली झाल्या आणि गोंधळ संपला. अगदी संपला असं नाही, पण दुसऱ्या दिवशी एकदाच चुकले, तेही सरळ रस्त्यावर. गियर उलटा करताना क्विकशिफ्टरचा सेन्सरही ओढण्याऐवजी दाबण्याचा बसवलाय ना, तेवढं गाडी घेताना तपासा. नाहीतर दाबूनही काही होत नाही आणि दोष आपण पायाला देतो.

दुसऱ्या दिवशी मी एका सेशनला एकच गोष्ट बदलली. आधी ब्रेक लीव्हर बोटांच्या जवळ आणला. मग गियर लीव्हरची उंची चार मिलिमीटर खाली. मग टायरची हवा, थंड असताना मागे २६, पिटमध्ये येताच मोजली तर ३०. (हा माझ्या टायरचा आकडा, तुमच्या टायरवाल्याला विचारा.) ४७ दातांना मी हात लावला नाही. एका वळणात दुसरा जास्त आणि तिसरा कमी पडत होता, पण तिथला दोष स्प्रॉकेटचा की माझा, हे ठरवण्याइतकी मी अजून सराईत नाही. संध्याकाळपर्यंत एका लॅपला पहिल्या दिवसापेक्षा साडेपाच सेकंद कमी झाले. पुढचा फोर्क मात्र शेवटपर्यंत उंचवट्यांवर उड्या मारत राहिला. कडक स्प्रिंगांवर हलका माणूस, ब्रेक मारताना टायर रस्ता सोडतो, आणि त्याला कुठल्याही हिमतीने उत्तर नाही.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी भरा, सांडलेलं कूलंट ट्रॅकवर तेलासारखं निसरडं असतं. परतल्यावर पुन्हा कूलंट भरायला विसरू नका. ऑइलच्या नटाला लॉकवायर, म्हणजे तो सुटू नये म्हणून बांधायची तार, लागते. ती आणि भोक पाडलेले बोल्ट आम्ही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणले. पेट्रोल न्यायचा धातूचा कॅन आधीच ठरवून ठेवा, पंपावर बाटलीत देतीलच असं नाही. गाडीचा नेहमीचा विमा शर्यतीतलं नुकसान देत नाही. अधिकृत शर्यतीत उतरायचं तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटारशर्यतींच्या संघटनेचं) लायसन्स वेगळं काढावं लागतं. आणि मुलींनो, भाड्याचा लेदर सूट बहुतेक पुरुषांच्या मापाचा असतो. गुडघ्याचं संरक्षण नडगीवर आलं तर तो सूट घालून जाऊ नका, स्वतःचा शिवून घ्या. मी पहिल्या दोन वेळा तसाच घातला होता, तो मूर्खपणा होता.

परतल्यावर सोमवारी पल्सर काढली आणि एलबीएस रोडवर तिसरा टाकायला गेले तर पायाने दाबला. गाडी झटक्याने मंदावली, मागच्या रिक्षावाल्याने आईची आठवण काढली. मंगळवारपासून आठवडाभर लोकलच, आणि या वेळी पायाला काहीही शिकवलं नाही. दादाच्या पोटमाळ्यावर मूळ स्प्रिंगा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सापडल्यात. येत्या रविवारी पार्किंगमध्ये फोर्क उघडतोय. वॉचमन काकांना चहा सांगून ठेवलाय.