इतिहासाचा रकाना रिकामा होता

ऐरोलीतल्या आमच्या कार्यालयात परदेशी मालवाहू विमानांची उड्डाणे आखली जातात. मार्ग, इंधन, वजन आणि हवामान यांचा हिशेब जुळवून विमान सोडण्याच्या कागदावर सही करणे, हे माझे अकरा वर्षांचे काम आहे. बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते की आमच्या पद्धतीत त्या कागदावर दोन सह्या लागतात, एक कॅप्टनची आणि एक जमिनीवर बसलेल्या माझ्यासारखीची, आणि दोघांपैकी एकानेही नकार दिला तर विमान उडत नाही.

२३ नोव्हेंबर २०२५ चा रविवार होता आणि मी दुपारच्या पाळीवर होते. ज्वालामुखीच्या राखेची सूचना देणारी जगात नऊ केंद्रे आहेत. त्यांपैकी फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्राची सूचना आली, की इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला असून राखेचा लोट ४५,००० फुटांपर्यंत पोहोचला आहे. त्या रात्री आमचे एक विमान केनियातले गुलाब घेऊन नैरोबीहून शारजाला निघणार होते. लोट तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि ओमानकडे सरकत होता, म्हणजे नेमका आमच्या वाटेवर.

आमच्या मार्गांजवळच्या ज्वालामुखींचा एक तक्ता मी चार वर्षे खपून तयार केला आहे. शेवटचा उद्रेक केव्हा झाला, लोट किती उंच गेला, उद्रेक किती दिवस चालला, असे त्याचे रकाने आहेत. लाव्हाच्या सरोवरासाठी प्रसिद्ध असलेल्या एर्टा आलेची ओळ त्यात भरगच्च आहे. त्याच डोंगररांगेच्या दक्षिण टोकाला असलेल्या हायली गुब्बीची ओळ मात्र कोरी होती, कारण सुमारे १२,००० वर्षांत तिथे उद्रेक झाल्याची नोंदच नव्हती. तो रिकामा रकाना मी इतकी वर्षे ‘धोका नाही’ असा वाचत आले होते, आणि आजही मला सलते ते हेच. शेजारच्या एरिट्रियातला नाब्रो जून २०११ मध्ये फुटला, तेव्हा त्याच्याही नावावर एकही उद्रेक नोंदलेला नव्हता, आणि त्याची राख विमानांच्या वाटेत आली होती. ती ओळ मीच माझ्या हाताने भरली होती. आपल्या अंदमानातले बॅरन बेटही एकोणिसाव्या शतकानंतर दीर्घकाळ गप्प राहून १९९१ साली पुन्हा जागे झाले. हे सारे माहीत असूनही कोरा रकाना मला कधी खटकला नाही.

इतिहास नसला की पहिली अडचण कालावधीची येते. हा उद्रेक तासाभरात थांबेल की आठवडाभर चालेल, हे सांगायला मागचे काहीच हाताशी नसते. सूचनेत सहा, बारा आणि अठरा तासांनंतरच्या ढगाच्या सीमा अक्षांश-रेखांशांत दिलेल्या असतात. आमच्याकडच्या नव्या मुलाने त्या नकाशावर उतरवल्या. त्याचे काम अत्यंत नेटके होते, पण त्याने विचारले, “मॅडम, विमानाच्या रडारवर ढग दिसेलच ना?” तो दिसत नाही. हवामानाचे रडार पावसाचे थेंब टिपते आणि राखेचे कण त्याच्यासाठी फारच बारीक असतात. ही चुलीतली राख नव्हे, हा दगडाचा आणि काचेचा चुरा असतो. साधारण १,१०० अंश सेल्सिअसला तो मऊ पडून वितळू लागतो, आणि इंजिनाच्या आतले तापमान त्याहून जास्त असते. आत गेलेला चुरा वितळतो, पुढे टर्बाइनच्या पात्यांपाशी काचेसारखा थिजतो, हवेची वाट अडते आणि इंजिन बंद पडते. २४ जून १९८२ च्या रात्री जावा बेटाजवळ गालुंगगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. बरेच खाली घसरल्यावर ती पुन्हा सुरू झाली, म्हणून माणसे वाचली.

आमच्या व्यवस्थापकांचे म्हणणे असे होते, की उपग्रहाच्या चित्रात दिसतो तो बराचसा सल्फर डायऑक्साइड वायू आहे, राख कमी आहे, तेव्हा खालच्या उंचीवरून विमान न्यावे. वायूबाबत ते बरोबर होते. पण त्यांची घाई ढग पाहून आलेली नव्हती, ती गुलाबांच्या मालकाच्या फोनमुळे आलेली होती, हे मला अजूनही माफ करता येत नाही. नैरोबीहून कॅप्टन म्हणाले, “मॅडम, इथे चांदण्या मोजता येतील इतकं आकाश स्वच्छ आहे.” मी म्हणाले, “सर, प्रश्न चार तासांनंतरच्या आकाशाचा आहे आणि तिथे काळोखात तुम्हाला काही दिसणार नाही.” थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “तुम्ही सही करत नसाल तर मीही करत नाही.”

विमान थांबले, गुलाब पुन्हा शीतगृहात गेले आणि वैमानिकांची कामाची वेळ संपल्यामुळे दुसरा चमू शोधावा लागला. दुसऱ्या दिवशी ढग अरबी समुद्रावरून गुजरात-राजस्थानकडे गेला, तसे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत का, याची विचारणा सुरू झाली. ढग कित्येक हजार फुटांवर होता आणि ठाण्यातल्या गच्चीला त्याचा काही उपद्रव नव्हता. वृत्तवाहिन्यांनी हे एक वाक्य आधी सांगितले असते, तर लोक इतके घाबरले नसते.

ढग पुढे सरकून त्याच्यामागची वाट मोकळी झाल्यावर सोमवारी संध्याकाळी आमचे विमान सुटले. दरम्यान दुसऱ्या एका कंपनीचे विमान रविवारी रात्रीच त्याच वाटेने, खालच्या उंचीवरून, शारजाला सुखरूप पोहोचल्याचे कळले होते. व्यवस्थापकांनी ते मला दोनदा ऐकवले. त्या एका विमानाला काही झाले नाही म्हणून वाट सुरक्षित होती, असे मला म्हणता येत नाही आणि ती असुरक्षित होती, हेही सिद्ध करता येत नाही.

शारजाला माझ्या सांगण्यावरून अभियंत्याने इंजिनांच्या तोंडाची कडा आणि वेग मोजणाऱ्या नळ्यांची टोके पांढऱ्या कापडाने पुसली आणि त्या कापडाचा फोटो मला पाठवला. कापड स्वच्छ होते. तो फोटो मी तक्त्यातल्या हायली गुब्बीच्या ओळीला जोडून ठेवला आहे, आणि ‘शेवटचा उद्रेक’ या रकान्यात आता २३ नोव्हेंबर २०२५ लिहिले आहे. खाली आणखी सतरा ओळी कोऱ्या आहेत.