आत्या आणि पावसाचा आवाज

आज आत्याला घेऊन मिरजेला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं गेलो होतो. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली, आत्या दोन रात्री माळ्यावर बसून होती, आणि तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ती उठून उंबऱ्याला हात लावून बघते, ओला झालाय का. कोरडा असला तरी परत परत. आम्ही इतकी वर्षं म्हणत राहिलो, "आत्या, सोड की आता, झालं गेलं." चुकलंच आमचं.

डॉक्टर म्हणाले याला पीटीएसडी म्हणतात, मोठ्या धक्क्यानंतर मनाला जडणारा आजार. मेंदूत अमिग्डाला म्हणून बदामाएवढा भाग असतो, धोक्याची घंटा वाजवणारा, तो जास्तच जागा राहतो, आणि त्याला "अरे थांब, हे आत्ताचं नाही, तेव्हाचं आहे" असं सांगणारा कपाळामागचा भाग कमी पडतो, म्हणून नुसती आठवण आली तरी अंगाला वाटतं पाणी आत्ताच शिरतंय, छाती धडधडते, झोप उडते. म्हणजे हा मनाचा कमकुवतपणा नाहीच. सर्ट्रालिनची गोळी सुरू केलीय, लागू पडायला काही आठवडे जातात. मुख्य भर थेरपीवर, ती आठवण सुरक्षित जागी बसून हळूहळू, पुन्हा पुन्हा सांगायची, टाळायची नाही. (घरात असं कुणी असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.)

येताना पाऊस लागला. रिक्षात आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून बोलली, "शेळी सोडता आली नाही रं मला, दाव्याला बांधलेली होती."