सॉफ्टबॉलमध्ये पंचाने सहकाऱ्याला कधी विचारावे?

आपल्याकडच्या शालेय सामन्यांत बहुधा दोनच पंच असतात. एक कॅचरच्या (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या) मागे उभा असलेला प्लेट अंपायर आणि दुसरा बेसवरचे निर्णय देणारा बेस अंपायर. प्रशिक्षकाने आरडाओरडा केला की या दोघांनी मैदानाच्या मध्यभागी जमायचे, हा प्रकार मला अजिबात पटत नाही. सहकाऱ्याला विचारायचे ते आपल्याला न दिसलेले काही त्याने पाहिले असेल तरच.

याचे उत्तम उदाहरण पहिल्या बेसवर मिळते. बेस रिकामे असताना शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) केलेला थ्रो होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर खेळतो त्या जागेच्या, बाजूला भरकटला आणि फर्स्ट बेसमन तो घेण्यासाठी ताणली गेली, तर आतल्या बाजूने पाहणाऱ्या बेस अंपायरला तिच्या पायाची टाच बेसवरून उचलली गेली की नाही, हे कधीकधी दिसत नाही. मात्र बॅटरच्या मागोमाग रेषेलगत धावत आलेल्या प्लेट अंपायरला टाच आणि बेस यांमधली फट नेमकी दिसू शकते. अशा वेळी ‘तुम्हाला काय वाटले?’ असे मोघम न विचारता ‘पाय बेसवर होता का?’ एवढेच विचारावे.

अर्धवट फिरवलेल्या बॅटचेही तसेच आहे. प्लेट अंपायरचे लक्ष चेंडूवर असते, त्यामुळे त्याने ‘बॉल’ (स्ट्राइक न ठरलेला पिच) दिल्यावर, बॅट पूर्ण फिरली का हे विचारण्याची विनंती कॅचरने केली, तर बेस अंपायरकडे बोट दाखवण्यात कमीपणा कसला?

याउलट, थ्रो आधी पोहोचला की धावपटू, हा प्रश्न बेस अंपायरने समोरून पाहिला असेल तर तिथे चर्चेला जागाच नाही. स्ट्राइक झोनबद्दल, म्हणजे पिच ज्या पट्ट्यातून गेल्यास स्ट्राइक धरतात त्याबद्दल, तर नाहीच नाही. एका पंचाचा निर्णय दुसऱ्याने परस्पर फिरवायचा नसतो. ज्याचा निर्णय, त्यानेच मदत मागायची आणि अंतिम शब्दही त्याचाच.

वेळेचेही भान हवे. पुढचा पिच पडल्यानंतर मागचा निर्णय दुरुस्त करता येत नाही. ‘फाउल’ (चेंडू रेषेबाहेर गेला) असे मोठ्याने पुकारल्यावर तर सगळेच जागच्या जागी थांबतात, त्यामुळे जमिनीवरून गेलेला तो चेंडू नंतर ‘फेअर’ (रेषेच्या आतला) ठरवल्यास कोणत्या धावपटूला कुठे ठेवायचे, हा निव्वळ अंदाजाचा मामला होतो. म्हणून शंका असलेल्या पंचाने लगेच वेळ थांबवावी, खेळाडूंना दूर ठेवून हळू आवाजात विचारावे आणि निर्णय स्वतःच जाहीर करावा.