पोकर सराव नोंद: निकाल झाकून ठेवला की काय दिसतं

मंडळी, या टप्प्यात माझा खेळ सगळ्यात जास्त सुधारला तो रिव्हरवर. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते असतात आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडतात; त्यातला शेवटचा म्हणजे रिव्हर. तो उघडल्यावर समोरून बेट आली, म्हणजे समोरच्याने चिप्स लावल्या, की आता मी मोजायला बसते. कोणकोणत्या पत्त्यांनी हा माणूस इथपर्यंत आला असेल, त्यातले किती मला हरवतात आणि किती नुसती हवा आहेत, हा हिशोब कागदावर मांडते. ही सवय आमच्या सरावाच्या गटामुळे लागली, म्हणून आधी आम्ही खेळतो कसं ते सांगते.

आम्ही फक्त फुकट चिप्सवर खेळतो. चिप्स विकत घ्यायच्या नाहीत, हा पहिला नियम. पैसे गुंतले की डोकं निर्णयातून उठून नुकसानीकडे जातं. शिकणाऱ्याला ते परवडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

फुकट चिप्सच्या खुल्या टेबलांची मर्यादाही खरी आहे. चिप्स संपल्या की पुन्हा मिळतात, त्यामुळे तिथे फोल्ड (पत्ते टाकून डाव सोडणं) कोणी करतच नाही. फ्लॉप (मधले पहिले तीन पत्ते) बघायला निम्मं टेबल हजर असतं. एक गोष्ट मात्र अशा टेबलावर फार छान शिकता येते: चांगले पत्ते हातात असताना पुरेशी मोठी बेट लावणं. ब्लफ (कमकुवत पत्त्यांवर लावलेली बेट) तिथे शिकता येत नाही, कारण ब्लफला समोरच्याने पत्ते टाकणं लागतं.

म्हणून गटाचं खासगी टेबल. प्रत्येकाला १०० बिग ब्लाइंड (दर डावाला दोघांनी सक्तीने लावायच्या रकमांतली मोठी) एवढ्या चिप्स, आणि संपल्या की त्या बैठकीपुरतं बाहेर. बाहेर गेलेल्याने डाव बघायचे आणि टिपून ठेवायचे. एवढ्या एका नियमाने चिप्सना वजन येतं. खेळायला मिळणं हीच किंमत होते, आणि लोक विचार करून पत्ते टाकायला लागतात.

दुसरा नियम मला जास्त मोलाचा वाटतो. चर्चेला डाव मांडायचा तो निर्णयाच्या क्षणापर्यंतच. पुढे कोणी काय दाखवलं, पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) कुणाला गेला, हे सगळ्यांनी आपापलं उत्तर आणि आकडा दिल्याशिवाय सांगायचं नाही. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. समोर राजांची जोडी असेल आणि सगळ्या चिप्स फ्लॉपच्या आधीच आत गेल्या, तरी एक्के जिंकतात साधारण ८२ टक्के वेळा. म्हणजे याहून चांगली परिस्थिती क्वचितच मिळेल, तिथेही पाच-सहा डावांमागे एक डाव जातो. असा हरलेला डाव निकालासकट मांडला की चर्चा त्या राजांवरच अडकते. निकाल झाकला की फक्त निर्णय उरतो.

आता ज्या डावावर आमची सगळ्यात लांब चर्चा झाली तो.

सहा जणांचं टेबल, ब्लाइंड १ आणि २. मी बटणवर (फ्लॉपपासून शेवटी बोलणारी जागा), हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी. माझी रेज (बेट वाढवणं) ५ ची, फक्त बिग ब्लाइंडवाल्याचा कॉल (तेवढ्याच चिप्स घालणं). पॉट ११. फ्लॉप: इस्पिक राणी, इस्पिक सत्ती, बदाम चौकी. त्याचं चेक (बेट न लावता पुढे देणं), माझी बेट ६, कॉल. पॉट २३. टर्नला (चौथा पत्ता) किलवर दुर्री. पुन्हा चेक, माझी बेट १५, कॉल. पॉट ५३. रिव्हरला इस्पिक नव्वी, म्हणजे बोर्डवर (मधल्या पत्त्यांत) तीन इस्पिक. आता तो स्वतःहून २७ ची बेट लावतो. मी काय करावं?

आधी भाव. २७ घालून पॉट १०७ होतो, म्हणजे कॉल तोट्यात जाऊ नये म्हणून मला २५ टक्क्यांच्या किंचित वर वेळा जिंकायला हवं. अर्ध्या पॉटच्या बेटीला कायम एवढंच लागतं. पूर्ण पॉटच्या बेटीला ३३ टक्के.

मग मोजणी. त्याच्या हातात दोन इस्पिक असतील तर त्याचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते. बोर्डवरची राणी, सत्ती आणि नव्वी सोडली तर इस्पिकचे दहा पत्ते उरतात. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या ४५. एक्का माझ्याकडे आहे, म्हणून समोरच्याकडे उरलेल्या नऊच पत्त्यांच्या जोड्या असू शकतात, म्हणजे ३६. आणि ज्या नऊ जोड्या गेल्या त्या सगळ्या एक्क्याच्या. एकाच रंगातला एक्का आणि सोबत काहीही, हे पत्ते लोक सहसा टाकत नाहीत. नेमके तेच त्याच्या शक्यतांमधून गेले.

ब्लफची बाजू बघू. फ्लॉपवर छक्की-पंजी धरून कॉल करणारा सलग पाच पत्ते जुळवायला तिर्री किंवा अठ्ठीची वाट बघत होता, आणि त्याचं काही जमलं नाही. छक्की-पंजीच्या एकूण जोड्या १६, त्यातली दोन्ही इस्पिकची वगळली तर १५. समजा तो सगळे फ्लश आणि या सगळ्या चुकलेल्या जोड्या बेट करतो. माझ्याकडे इस्पिकचा एक्का नसता, तर ४५ विरुद्ध १५: बरोबर २५ टक्के, कॉल आणि फोल्ड जवळजवळ सारखेच. एक्का आहे, म्हणून ३६ विरुद्ध १५: साधारण २९ टक्के. एका पत्त्याच्या रंगाने निर्णय कॉलकडे झुकतो!

प्रत्यक्षात कोणी दोन इस्पिक दिसले म्हणून काहीही खेळत नाही, आणि चुकलेली प्रत्येक जोडी बेटही करत नाही. शिवाय सत्तीच्या किंवा चौकीच्या जोडीने लागलेला सेटही (तीन सारखे पत्ते) तो अशी बेट लावून दाखवू शकतो. चर्चा इथेच रंगली. कोणी फ्लशच्या जोड्या निम्म्यावर आणल्या, कोणी ब्लफच्या. मी उत्तर दिलं कॉल. गटातल्या एका अनुभवी खेळाडूने जे विचारलं ते मात्र मी वहीत सगळ्यात वर लिहून ठेवलंय: हा डाव आपल्या टेबलावरचा की खुल्या टेबलावरचा? खुल्या टेबलावर दोन वेळा चेक-कॉल करून इस्पिक पडताच अचानक बेट लावणाऱ्या शांत खेळाडूकडे ब्लफ फारसे नसतात. तिथे तेच पत्ते, तोच बोर्ड, तीच बेट, आणि उत्तर फोल्ड. तो म्हणाला ते मला पूर्ण पटतं.

ब्लफ नेमके किती हवेत, हे समजायला आम्ही एक छोटा खेळ धरलाय. हॅरॉल्ड कून या गणितज्ञाने १९५० मध्ये मांडलेलं तीन पत्त्यांचं पोकर. राजा, राणी, गुलाम, बस. दोन खेळाडू, दोघांची एकेक चिप पॉटमध्ये, दोघांना एकेक पत्ता. बेट एका चिपची आणि एकदाच, रेज नाही.

पहिल्याने चेक केलं आणि दुसऱ्याकडे गुलाम आहे. त्यानेही चेक केलं तर तो नक्की हरला, कारण गुलामाखाली काही नाही. बेट लावली तर राणीवाला पत्ता टाकू शकतो. मग प्रत्येक वेळी का लावू नये? कारण राणीवाला ते ओळखून प्रत्येक वेळी कॉल करेल. गणित सांगतं: राजा असेल तर नेहमी बेट, गुलाम असेल तर तीनांत एकदा. समोरच्याकडे राणी असताना राजा आणि गुलाम यांची शक्यता सारखीच, म्हणून या बेटींमध्ये तीन राजांमागे एक गुलाम येतो. राणीवाल्याला एक चिप घालून चारचा पॉट मिळवायचा असतो, म्हणजे त्याला २५ टक्के लागतात, आणि ब्लफ बरोबर २५ टक्केच आहेत. त्याने कॉल केला काय, फोल्ड केला काय, सारखंच. दोनच्या पॉटमध्ये एकची बेट हीसुद्धा अर्ध्या पॉटचीच बेट. वरच्या डावातले ४५ आणि १५ म्हणजे हेच तीनास एक. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मला किती आनंद झाला, ते इथल्या मंडळींना सांगायला नको.

याच खेळातून पोझिशनची (बोलण्याच्या क्रमाची) किंमतही आकड्यात दिसते. दोघंही बिनचूक खेळले तरी पहिला खेळाडू दर डावाला सरासरी एक अठरांश चिप गमावतो, केवळ आधी बोलावं लागतं म्हणून. बटणवर जास्त पत्ते खेळा आणि ब्लाइंडमध्ये जपून, हे प्रत्येक नवशिक्याला सांगतात. ते का, ते इथे तीन पत्त्यांत दिसतं.

आउट्सचा, म्हणजे आपला हात जमवणाऱ्या उरलेल्या पत्त्यांचा, हिशोब आता हातात बसलाय. हात जमण्याचे टक्के म्हणजे फ्लॉपवर आउट्स गुणिले चार, टर्नवर गुणिले दोन. फ्लशचे नऊ आउट्स: अंदाज ३६, खरा आकडा ३५ टक्के. फक्त एक लक्षात ठेवा: चारने गुणायचं ते दोन्ही पत्ते नक्की बघायला मिळणार असतील तेव्हाच. टर्नला पुन्हा बेट येणार असेल, तर फ्लॉपवरही दोननेच गुणा.

सॉल्व्हरबद्दल (बिनचूक खेळ मोजून देणारा प्रोग्रॅम) गटात दोन मतं आहेत. दोघांच्या लिमिट होल्डेमचं (बेटीचा आकार ठरलेला असलेलं पोकर) उत्तर अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस प्रोग्रॅमने २०१५ मध्ये जवळजवळ पूर्ण शोधलं, आणि २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. मग आपण कागदावर जोड्या कशाला मोजायच्या, असं काहींचं म्हणणं. मला वाटतं मोजायच्याच. सॉल्व्हर उत्तर देतो, पण समोरच्याच्या सवयी आपणच बघायच्या असतात. आमची तडजोड अशी: आधी स्वतःचा आकडा लिहा, मग सॉल्व्हर उघडा.

चर्चेत नवे सदस्य आधी बोलतात, जुने शेवटी. उलट क्रमाने गेलं की सगळे अनुभवी माणसाच्या मागे जातात. "असं कसं खेळलास?" हा प्रश्न बाद, "त्याची रेंज (त्याच्याकडे असू शकणारे सगळे पत्ते) काय धरलीस?" हा चालतो. एक नवी सदस्य सुरुवातीला फक्त ऐकायची. आता तिने मांडलेल्या डावांत रेंज इतकी नेटकी असते की जुनी मंडळीही आधी तिचा कागद मागतात.

पुढच्या टप्प्यात बिग ब्लाइंडचा बचाव धरायचा आहे. बटणवरून अडीच ब्लाइंडची रेज आली आणि स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, तर दीड घालून साडेपाचचा पॉट बघायला मिळतो. सत्तावीस टक्के पुरतात, पण पुढचे तिन्ही टप्पे आधी बोलावं लागतं. त्यामुळे कमकुवत जोड्या नेमक्या कुठून टाकायला सुरुवात करायची, यावर माझा कागद अजून अर्धा आहे. कुणी हे मोजलं असेल तर आपली यादी मांडा, निकाल झाकून.