खेडहून हुसैनीवालाला

पंजाबातल्या फिरोजपूरहून पाकिस्तानच्या सीमेवरच्या हुसैनीवालाला रेल्वे सुटते ती वर्षातल्या मोजक्या दिवशी. २३ मार्च, शहीद दिन, हा त्यातला एक. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बसंती पगड्या, त्याच रंगाच्या ओढण्या, मांडीवर पेंगणारी पोरं आणि मधूनच उठणारा ‘इन्कलाब जिंदाबाद’. गाडी थांबली तिथे रूळच संपले. फाळणीआधी ते सतलज ओलांडून कसूरमार्गे लाहोरला जात.

मी खेडचा. एसटीच्या पाटीवर राजगुरुनगर, पण आमच्या तोंडी अजून खेडच. भीमेकाठचा राजगुरूंचा वाडा लहानपणापासून पाहिलेला. त्यांचा देह जिथे जाळला ती जागा मात्र पन्नाशी उलटेपर्यंत पाहिली नव्हती. निघताना आईने भीमेच्या पाण्याची छोटी बाटली हातात दिली. ‘राजगुरूंना घाल,’ एवढंच म्हणाली.

शिवराम हरी राजगुरू गेले तेव्हा २२ वर्षांचे होते. काशीला संस्कृत शिकायला गेलेला आमच्या गावचा मुलगा. १७ डिसेंबर १९२८ला लाहोरात साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी त्यांनी झाडली. फाशीची शिक्षा झाल्यावर भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू या तिघांनी दया मागितली नाही. आम्ही युद्धकैदी आहोत, तेव्हा फाशी न देता गोळ्या घाला, असं पंजाबच्या गव्हर्नरला लिहून कळवलं. बाविशी-तेविशीतली ही पोरं आपलं मरण कसं असावं एवढंच मागत होती! हे आठवलं की माझा आवाज आजही लागत नाही.

फाशी ठरली होती २४ मार्च १९३१च्या सकाळी, दिली आदल्या संध्याकाळीच. लोक उसळतील या धास्तीने मृतदेह घरच्यांना न देता गुपचूप बाहेर काढले आणि रातोरात इथे, सतलजच्या काठी आणून जाळले. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली. १९६१ साली १२ गावं देऊन भारताने ती परत घेतली. भगतसिंगांचे साथी बटुकेश्वर दत्त यांनाही त्यांच्या शेवटच्या इच्छेप्रमाणे १९६५ साली इथेच अग्नी दिला.

समाधीपाशी रांगेत माझ्यापुढे एक सरदारजी होते, नातवाचा हात धरून. कुठून आलात, म्हणाले. मी सांगितलं तसे वळले.

‘राजगुरू दे पिंड तों?’

पंजाबीत पिंड म्हणजे गाव. मला माहीत होतं, तरी अंगावर काटा आला. आपल्याकडे पिंड कशाला म्हणतात ते त्यांना कुठून ठाऊक असणार? आणि आमच्या गावच्या या मुलाचा तर देहसुद्धा आईला पाहायला मिळाला नव्हता. सरदारजींनी नातवाला पुढे केलं, माझ्या पाया पडायला लावलं. मी त्याला मध्येच उचलून घेतलं. मला कसला नमस्कार? पण त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

समाधी तिघांची मिळून एकच आहे. कडेच्या फुलझाडांशी बसून मी बाटलीचं बूच काढलं. राजगुरूंना घाल, असं आई म्हणाली होती. पण त्या रात्री तिघंही याच काठावर जळले, तिघांची राख याच नदीत गेली. त्यातून आपलं माणूस वेगळं कसं काढायचं?

तिन्ही नावं घेतली आणि पाणी सोडलं.