अँटवर्पचा छापखाना आणि गोव्याहून निघालेलं पुस्तक

बेल्जियमला जाणारी आपली मंडळी ब्रसेल्समध्ये चॉकलेटं घेतात, ब्रूजला होडीत बसतात आणि अँटवर्प बहुधा वगळतात. जुन्या पुस्तकांचं थोडंसं जरी वेड असेल तर उलटं करा. ब्रसेल्सहून आगगाडीनं तासाभराच्या आत अँटवर्प येतं. स्टेशनवरून ट्रामनं ग्रूनप्लाट्सला उतरायचं आणि पाचेक मिनिटं चाललं की व्रेडागमार्क्ट नावाचा चौक लागतो. तिथेच प्लान्टिन-मोरेटस संग्रहालय आहे.

ख्रिस्तोफ प्लान्टिन हा मूळचा फ्रेंच बुकबाइंडर. त्यानं सोळाव्या शतकात इथे उभा केलेला छापखाना जावई यान मोरेटसकडे गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यात राहिला. 1876 मध्ये वारसानं घर, यंत्रं, छपाईच्या अक्षरांचे खिळे, हिशेबाच्या वह्या असं सगळं शहराला विकलं आणि पुढच्या वर्षी संग्रहालय उघडलं. युनेस्कोच्या यादीत ते 2005 पासून आहे. छपाईच्या दालनात अगदी मागच्या भिंतीशी दोन लाकडी यंत्रं उभी आहेत. 1600 च्या आसपासची ही यंत्रं जगातली सर्वांत जुनी शिल्लक मुद्रणयंत्रं मानली जातात. गर्दी त्यांच्यापाशीच असते.

मी मात्र जास्त वेळ रेंगाळलो तो मुद्रितशोधकांच्या खोलीत. खिडकीशी ओकचं दणकट मेज, त्यावर समोरासमोर बसून प्रुफं वाचायची. कॉर्नेलिस किलियान इथे कित्येक दशकं हेच काम करत होता आणि त्यातून वेळ काढून त्यानं डच शब्दकोश रचला. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, सिरियाक आणि अरामी मजकुराचं आठ खंडी बायबल (1568–73) याच छापखान्यातून निघालं. त्या पानांवर एकाच वेळी किती लिप्या सांभाळाव्या लागल्या असतील, हे प्रुफं तपासलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वरच्या मजल्यावर अक्षरांचे पोलादी ठसे आणि साचे आहेत. अक्षरांचे ठसे कोरणारा फ्रेंच कारागीर क्लोद गारामों वारल्यावर त्याचे काही ठसे प्लान्टिननं विकत घेतले, तेही इथेच आहेत. तिथे घाई करू नका.

मी गेलो होतो ते खरं तर वाचनकक्षात एक छोटं पुस्तक हातात घेऊन बघायला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या, इथल्या औषधी वनस्पतींवरच्या संवादांचं हे लॅटिन रूप. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्लुस क्लुसियसनं ते केलं आणि प्लान्टिननं 1567 मध्ये छापलं. म्हणजे गोव्याच्या छपाईनंतर जेमतेम चार वर्षांत आपल्याकडच्या सुपाऱ्या, नारळ, वेलदोडे, आंबे सगळं लॅटिनमध्ये! गोव्यातल्या मूळ पुस्तकाला वीसेक पानांचं शुद्धिपत्र जोडावं लागलं होतं. तिथे किलियानसारखा कोणी मेजाशी बसलेला नसावा. ओर्ताकडे मुंबई बेट भाडेपट्ट्यानं होतं आणि तिथलं त्याचं आंब्याचं झाड वर्षात दोनदा फळ देतं, असं तो मुळात लिहितो. क्लुसियसनं गप्पांचा बाज काढून टाकला, मजकूर आटोपशीर केला आणि मुळात नसलेली काही लाकडी ठशांची चित्रं घातली. युरोपात वाचलं गेलं ते मुख्यतः हेच रूप. मला विचाराल तर ओर्ताची बडबड जास्त गोड आहे, पण पुस्तक खिशात मावेल एवढं झालं, हे क्लुसियसचंच श्रेय. पातळ कागद उजेडाकडे धरला की आडव्या रेघा आणि जलचिन्ह दिसतं. संगणकाच्या पडद्यावर ही मजा नाही.

वाचनकक्षासाठी आगाऊ ईमेल करून वेळ ठरवावी. ऑनलाइन सूचीतून ग्रंथाचा क्रमांक काढून कळवलात तर काम पटकन होतं. नुसतं "जुनं काही दाखवा" म्हणू नका. वाचनकक्षाची वेळ आणि संग्रहालयाची वेळ दोन्ही निघण्याआधी संकेतस्थळावर तपासा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ हवा. अशा वाचनकक्षांत पेन चालत नाही, शिसपेन न्या. पिशवी, पाण्याची बाटली बाहेर ठेवावी लागते. हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. पांढरे हातमोजे सिनेमात छान दिसतात, पण जुन्या कागदाला त्यांनीच जास्त इजा होते. पुस्तक आधारावर अर्धवटच उघडतात, ते टेबलावर सपाट पाडायचा प्रयत्न करू नका. फोटोंचे नियम आधीच विचारा, फ्लॅश कुठेच चालत नाही.

लॅटिन येत नसेल तरी बिघडत नाही: ओर्तानं दिलेली गुजराती, दख्खनी नावं शोधत पानं चाळा, काही आपोआप ओळखू येतात.

भारतीय हिरे व्यापाऱ्यांमुळे अँटवर्प स्टेशनच्या आसपास शाकाहारी, अगदी जैन जेवणही मिळतं. संग्रहालय एरवी सोमवारी बंद असतं. शुक्रवारी सकाळी समोरच्या चौकात जुन्या सामानाचा लिलाव भरतो, तेव्हा शक्य असेल तर तोच दिवस धरा.