शुगर नाहीये हो मला

ऑफिसात माझ्या टेबलावर दोन लिटरची बाटली असते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती संपते. मग कुणीतरी हळूच विचारतं, "शुगर आहे का हो तुम्हाला?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगून टाकते.

शुगर नाही. मी बरीच वर्षं लिथियम हे औषध घेते, बायपोलर आजारासाठी, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांसाठी. (हे उच्चारायलाच इतका काळ लागला, पाण्याचं सांगणं त्यामानाने सोपं.)

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं परत रक्तात. यातला शेवटचा हिशेब मेंदूतून सुटणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या हार्मोनकडे असतो. अंगातलं पाणी कमी झालं की ते येतं आणि मूत्रपिंडातल्या शेवटच्या नळ्यांच्या पेशी पाण्याची बारीक दारं उघडतात. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात; ती शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 चं नोबेल मिळालं. दारू प्यायल्यावर सारखं जावं लागतं, कारण तेव्हा हे हार्मोनच दबतं. माझं हार्मोन भरपूर सुटतं, पण लिथियम त्या पेशींत साठलंय, त्यामुळे त्या दाद देत नाहीत. लघवी नळाच्या पाण्यासारखी, रात्री चारदा उठणं, आणि घसा कायम कोरडा.

एकदा एसटीने लांब जायचं होतं, तर शहाणपणा करून सकाळपासून पाणीच प्यायले नाही. दुपारी हात असे थरथरायला लागले की तिकीट धरवेना. पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. रक्तातली पातळी चढते. डॉक्टरांनी चांगलंच झापलं. साध्या अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही ही पातळी चढते, म्हणून आयबुप्रोफेन बंद.

नंतर त्यांनी अमिलोराइड लिहून दिलं. मेडिकलवाला चिठ्ठी बघून म्हणाला, "मॅडम, ही तर लघवी वाढवायची गोळी!" मीही डॉक्टरांना तेच विचारलं होतं. पण लिथियम पेशीत शिरतं ते सोडियमच्या वाटेने, आणि ही गोळी नेमकी तीच वाट अडवते. आता रात्री दोनदाच उठते.

बाटली मात्र राहणार. आणि सहलीची बस ठरवताय ना? मला दाराजवळची सीट ठेवा.